पेट्रोल गाडीला घरच्या घरी माइल्ड हायब्रिड करणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीला छोटी मोटर, छोटी बॅटरी आणि थोडे इलेक्ट्रॉनिक्स जोडून तिची पेट्रोलची खपत कमी करता येईल का, या विषयावर सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांपैकी काहींनी अजून एकही सुटा भाग आणलेला नाही, तर काहींची मोटर बसवून झाल्यावर गाडी अडली आहे. त्यामुळे सुरुवातीचे प्रश्न प्राथमिक आहेत आणि पुढचे अपवादांचे. हिशेबासाठी सर्वत्र १,२०० किलो वजनाची, पुढची चाके चालवणारी साधी पेट्रोल गाडी आणि ५ किलोवॉटची मोटर गृहीत धरली आहे.

१. माइल्ड हायब्रिड म्हणजे नेमके काय? पूर्ण हायब्रिडपेक्षा ती वेगळी कशी?

पूर्ण हायब्रिड गाडी काही अंतर केवळ विजेवर, वाहतुकीच्या वेगाने धावू शकते. माइल्ड हायब्रिडमधली मोटर साधारण ५ ते १५ किलोवॉटची असते. इंजिन झटकन सुरू करणे, वेग घेताना त्याला हातभार लावणे आणि वेग कमी होताना थोडी ऊर्जा साठवणे एवढीच तिची कामे असतात. घरी केलेली जोडणी बहुधा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसते.

चालू गाडीत बदल करून हायब्रिड बनवण्याची कल्पना नवी नाही. अभियंते व्हिक्टर वूक यांनी १९७२ ची ब्यूक स्कायलार्क घेऊन तिच्यात माझ्दाचे रोटरी इंजिन आणि सुमारे १५ किलोवॉटची डीसी मोटर बसवली होती, आणि १९७४ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने त्या गाडीची चाचणी घेतली होती. अर्थात तो पूर्ण हायब्रिडचा प्रयोग होता आणि त्यामागे व्यावसायिक कार्यशाळा उभी होती.

२. नक्की किती पेट्रोल वाचेल?

खुल्या रस्त्यावर जवळजवळ काहीच नाही आणि शहरातल्या रांगांमध्ये बऱ्यापैकी. सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरचा स्थिर वेग राखायला आपल्या गाडीला चाकांवर जेमतेम २ किलोवॉट लागतात. ताशी ८० ला साडेसात. इंजिन मात्र ६० किलोवॉटचे असते. आपल्या सोयीच्या भारावर ते पेट्रोलमधल्या ऊर्जेचा तिसरा हिस्सा कामाला लावते, पण २ किलोवॉटच्या किरकोळ भारावर हा वाटा १५ टक्क्यांच्या खाली घसरतो, आणि सिग्नलला उभे असताना तो शून्य असतो. म्हणून मोटरने इंजिनाची ताकद वाढवावी हा विचार बाजूला ठेवावा आणि इंजिनाला जे काम सर्वांत वाईट जमते तेवढेच त्याच्याकडून काढून घ्यावे.

येथे एक हिशेब मुद्दाम देतो, कारण बहुतेकांची निराशा तिथेच होते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ८.९ युनिट (किलोवॉट-तास) ऊर्जा असते. बॅटरीतून चाकांपर्यंत १.३ युनिट पोहोचले असे समजा. त्या वेळी इंजिन पूर्ण बंद असेल, तर १५ टक्के कार्यक्षमतेच्या हिशेबाने जवळजवळ एक लिटर पेट्रोल वाचते. तेच १.३ युनिट इंजिन चालू ठेवून नुसता हातभार म्हणून दिले, तर अर्ध्या लिटरपेक्षाही कमी वाचते, कारण चालू इंजिन स्वतःचे घर्षण भागवण्यासाठी पेट्रोल पीतच राहते आणि मोटर फक्त वरचा भार हलका करते. वीज तीच असून फळ निम्म्याहून कमी मिळते. कारखान्यातून येणाऱ्या ४८ व्होल्टच्या प्रणालींची बचत साधारण १० ते १५ टक्के सांगितली जाते. घरच्या जोडणीत शहरात १० टक्के खरोखर मोजून मिळाले, तर काम चांगले झाले असे मी म्हणेन.

३. मोटर कुठे बसवायची?

व्यवहारात दोनच जागा शक्य असतात. पहिली जागा अल्टरनेटरची (इंजिनावर चालून गाडीची वीज बनवणाऱ्या जनरेटरची), म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर. येथे यांत्रिक काम कमी असते, गाडीचा सांगाडा कापावा लागत नाही आणि इंजिन सुरू करण्याचे कामही तीच मोटर करते. मात्र मोटर इंजिनाला बांधलेली असल्यामुळे इंजिन फिरवल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही, म्हणजे प्रश्न २ मधला मोठा लाभ हुकतो.

दुसरी जागा मागची चाके. पुढची चाके इंजिन चालवते, मागची मोटर, आणि दोघांना जोडणारा दुवा म्हणजे खालचा रस्ता. इंजिन बंद ठेवून गाडी रांगेत सरकवता येते. यासाठी एकतर मागच्या आसाला डिफरेन्शियलसह मोटर बसवावी लागते किंवा चाकांत हब मोटर घालाव्या लागतात. हब मोटर दिसायला सोप्या असतात, पण त्यांचे सगळे वजन सस्पेन्शनच्या खाली येते, चाकाची बेअरिंग आणि हँडब्रेक यांची रचना बदलते, आणि मोटरचा पीळ (टॉर्क) सहन करणारा आस घरी बनवणे हे चांगल्या वेल्डरचेही काम नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये मोटर घालण्याची रचना उत्तम असते. १९९९ च्या होंडा इनसाइटमध्ये १० किलोवॉटची चपटी मोटर तशीच क्रँकला (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला) जोडलेली होती. घरी मात्र तिच्या वाटेला जाऊ नये.

४. पट्ट्यावर मोटर बसवली, पण जोर लावताना पट्टा फडफडतो आणि ओलाव्यात किंचाळतो. ताण वाढवू का?

ताण वाढवून तात्पुरता आवाज थांबेल आणि काही महिन्यांत पाण्याच्या पंपाची बेअरिंग जाईल. कारण वेगळे आहे. अल्टरनेटर असताना क्रँक पट्टा ओढते, म्हणून पट्ट्याची एक बाजू कायम ताठ आणि दुसरी कायम सैल असते. स्प्रिंगचा टेन्शनर, म्हणजे पट्टा ताणून धरणारा हात, सैल बाजूला बसवलेला असतो. मोटर क्रँकला ढकलू लागली की या बाजू उलटतात. आता टेन्शनर ताठ बाजूला सापडतो, त्याची स्प्रिंग दबते आणि दुसरीकडे पट्टा लोंबतो. माझ्या पहिल्या जोडणीत बॉनेट उघडे ठेवून मदतनिसाला ॲक्सिलरेटर दाबायला सांगितले, तेव्हा टेन्शनरचा हात बोटभर मागे झुकताना डोळ्यांनी दिसला आणि त्यापूर्वीच्या पंधरा दिवसांचे तर्क एका क्षणात निकालात निघाले.

उपाय म्हणजे दोन्ही बाजूंना हात असलेला, मोटरभोवती डुलणारा टेन्शनर. असे टेन्शनर पट्ट्यावर मोटर असलेल्या कारखानी गाड्यांत असतात. त्याच्या जोडीला मोटरच्या पुलीभोवती पट्ट्याचा विळखा वाढवणारी एक मधली पुली घालावी. तेही जमत नसेल तर कंट्रोलरमध्ये (मोटरला जाणारी वीज आवरणाऱ्या पेटीत) मोटरचा पीळ कमी करावा आणि तेवढ्यावर समाधान मानावे.

५. सगळे ४८ व्होल्टच का सांगतात? ९६ किंवा १४४ का नको?

वाहनांच्या विद्युत सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमांत डीसी ६० व्होल्ट ही सीमा मानली जाते; तिच्यावर गेले की इन्सुलेशनची देखरेख, स्पर्शापासून संरक्षण, नारिंगी केबल असे सगळे बंधनकारक होते. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या १६ सेलची बॅटरी पूर्ण भरल्यावर ५८.४ व्होल्टला पोहोचते, म्हणजे सीमेच्या जेमतेम आत राहते. घरी काम करणाऱ्याने ही मर्यादा ओलांडू नये असे माझे ठाम मत आहे.

याची किंमत प्रवाहात मोजावी लागते. ५ किलोवॉटला ४८ व्होल्टवर १०४ अँपिअर होतात आणि १० किलोवॉटला २०० च्या वर. त्यामुळे ५ किलोवॉटला ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, तीही शक्य तितकी आखूड, हे किमान समजावे. ४८ व्होल्ट अंगाला सहसा झटका देत नाहीत, म्हणून ते निरुपद्रवी आहेत असा समज होतो. पण बॅटरीच्या दोन टोकांमध्ये पाना पडला तर तो लाल होईपर्यंत थांबत नाही. अंगठी, घड्याळ आणि साखळी काढूनच हात घालावा.

६. कोणती बॅटरी घ्यावी, आणि किती मोठी?

लिथियम आयर्न फॉस्फेट. या सेलची ऊर्जाघनता निकेल-मँगनीज-कोबाल्ट सेलपेक्षा कमी असते, पण ते बिघडले तरी तुलनेने शांतपणे बिघडतात आणि दोन हजारांहून अधिक चक्रे सहज देतात. प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारी आणि गरज पडल्यास कॉन्टॅक्टर (बॅटरी तोडणारा मोठा विद्युत स्विच) उघडणारी बीएमएस, म्हणजे बॅटरी व्यवस्थापन प्रणाली, असलीच पाहिजे. शून्य अंश सेल्सियसच्या खाली हे सेल चार्ज करू नयेत, कारण आत धातुरूप लिथियमचा थर साचतो. थंड प्रदेशात त्या तापमानाला ब्रेकमधून मिळणारी वीजही बंद ठेवावी लागते.

आकाराबाबत हाव आवरावी. पहिल्या होंडा इनसाइटची बॅटरी एक युनिटचीही नव्हती. १६ सेल, ४० अँपिअर-तास, म्हणजे सुमारे २ युनिटची बॅटरी आपल्या कामाला पुरते. मात्र सेल निवडताना क्षमतेपेक्षा तो किती प्रवाह देऊ आणि घेऊ शकतो हे आधी पाहावे: ४० अँपिअर-तासाच्या सेलमधून १०४ अँपिअर काढणे म्हणजे क्षमतेच्या अडीचपट प्रवाह, आणि घरगुती साठवणीसाठी बनवलेले अनेक सेल तेवढा देत नाहीत.

७. लेड-ॲसिड बॅटऱ्या किंवा सुपरकॅपॅसिटर चालणार नाहीत का?

लेड-ॲसिड बॅटरी प्रवाह देते, पण घेताना आखडते. ब्रेक लावल्यावर पाच-दहा सेकंदांत येणारी वीज ती पोटात घेऊ शकत नाही. शिवाय खोल उपसली तर काहीशे चक्रांत संपते. मोटर फिरते की नाही हे तपासण्यापुरती ती ठीक आहे.

सुपरकॅपॅसिटरचे उलटे आहे. ३,००० फॅरडच्या २.७ व्होल्टच्या एका सेलमध्ये ३ वॉट-तास मावतात. अठरा सेल एकापुढे एक जोडले तर ५४ वॉट-तास होतात आणि त्यांतले व्होल्टेज निम्मे होईपर्यंत सुमारे ४० वापरता येतात. एवढ्यात ताशी ५० वरून एकदा थांबण्याची ऊर्जा मावते आणि लाखो वेळा देवघेव होते. पण इंजिन बंद ठेवून रांगेत दहा मिनिटे सरकायला ते कामाचे नाहीत.

८. मागच्या चाकाला जनरेटर लावला तर गाडी चालता चालता बॅटरी आपोआप भरत राहील ना?

भरेल, पण पेट्रोलवर. जनरेटर फिरवायला लागणारी ताकद चाकातून, रस्त्यातून आणि शेवटी इंजिनातूनच येते, आणि वाटेत जनरेटर, कंट्रोलर, बॅटरी व पुन्हा मोटर यांत मिळून तिचा तिसरा हिस्सा सहज गळतो. हा प्रश्न ज्या आशेने विचारला जातो ती भौतिकशास्त्र पुरी करू देत नाही. याचा एक खरा अपवाद म्हणजे उतार किंवा ब्रेक, जिथे ती ऊर्जा एरवी उष्णता होऊन जाणारच होती. दुसरा अपवाद कागदावर आहे: हलक्या भारावर चालणाऱ्या इंजिनावर मुद्दाम थोडा भार टाकून त्याची कार्यक्षमता सुधारायची आणि ती वीज नंतर इंजिन बंद ठेवून वापरायची. कारखानी हायब्रिड हेच करतात, पण त्यांचा संगणक इंजिनाचा प्रत्येक बिंदू ओळखतो. घरी हे अंदाजाने केले तर नफ्यातोट्याची रेघ कुठे ओलांडली ते कळतही नाही. बॅटरी भिंतीतल्या सॉकेटवरून भरणे हाच घरच्या जोडणीचा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे.

९. ब्रेक लावताना ऊर्जा नक्की किती परत मिळते?

ताशी ५० किलोमीटरने धावणाऱ्या आपल्या गाडीत गतिज ऊर्जा ११६ किलोजूल, म्हणजे ३२ वॉट-तास असते. आठ सेकंदांत थांबायचे असेल तर सरासरी साडेचौदा किलोवॉट घ्यावे लागतील. आपली मोटर ५ किलोवॉटची असल्यामुळे तिच्या हाती फार तर ११ वॉट-तास लागतात आणि जाऊन-येऊन होणारी गळती वजा केली की ८ उरतात. शंभर वेळा थांबल्यावर ०.८ युनिट जमतात. ही वीज उत्तम रीतीने वापरली तरी त्यातून जास्तीत जास्त ०.६ लिटर पेट्रोल वाचेल. शंभर वेळा थांबणे म्हणजे अनेकांचे दोन-तीन दिवसांचे शहरी चालवणे झाले. ऊर्जा खरी आहे, पण या प्रकल्पाचा डोलारा तिच्यावर उभारू नये.

लांबून अंदाज घेऊन हळूहळू वेग उतरवणाऱ्याला छोटी मोटरही जास्त परत देते, कारण तिला वेळ मिळतो.

१०. मोटरच्या ब्रेकिंगमुळे मूळ ब्रेक छोटे केले किंवा त्यांत बदल केला तर चालेल का?

नाही, कोणत्याही परिस्थितीत नाही. बॅटरी भरलेली असेल, गार असेल किंवा बीएमएसने कॉन्टॅक्टर उघडला असेल, तर मोटरचे ब्रेकिंग एका क्षणात नाहीसे होते. हायड्रॉलिक ब्रेकच्या नळ्या, सिलिंडर, पेडल यांना हात लावू नये.

मागच्या चाकांवरच्या ब्रेकिंगचा धोका वेगळा आहे. वेग कमी होताना वजन पुढे झुकते आणि मागच्या आसावर सुमारे ४०० किलोच उरतात. ओल्या रस्त्यावर ती चाके मिळून १,५०० न्यूटनच्या आसपासच पकड देऊ शकतात. ताशी २० किलोमीटरला ५ किलोवॉट खेचले, तर ९०० न्यूटन एकट्या मोटरनेच खाल्ले, आणि वर चालकाने ब्रेक दाबला तर मागचा भाग घसरून गाडी गिरकी घेऊ शकते. म्हणून कंट्रोलरमध्ये शक्तीची नव्हे तर पिळाची मर्यादा घालावी, ती सुरुवातीला अगदी कमी ठेवावी, आणि एबीएस (ब्रेक लावताना चाके अडकू न देणारी यंत्रणा) काम करू लागले की मोटरचे ब्रेकिंग तत्काळ तुटेल अशी जोडणी करावी. ब्रेकचा दिवाही विसरू नये: पेडल न दाबता मोटरमुळे मंदन सेकंदाला १.३ मीटर प्रतिसेकंदाच्या वर जात असेल, तर आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दिवा लागणे आवश्यक असते. त्याच्या आतही मी तो लावतो, कारण मागच्याला आपली मोटर दिसत नाही.

११. सिग्नलला इंजिन आपोआप बंद करायचे आहे. नुसती किल्ली फिरवली तर काय बिघडते?

उभ्या गाडीत फारसे बिघडत नाही. दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचे असेल तर बंद करणे साधारणपणे फायद्याचे ठरते. छोटे इंजिन निष्क्रिय चालताना तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल पिते. मात्र मूळ स्टार्टर आणि १२ व्होल्टची बॅटरी दिवसाला चाळीस वेळा सुरू करण्यासाठी बनवलेल्या नसतात. ते काम पट्ट्यावरच्या मोटरला द्यावे किंवा मजबूत स्टार्टर व एजीएम (वारंवार सुरू-बंद सोसणारी लेड-ॲसिड) बॅटरी बसवावी.

चालत्या गाडीत किल्ली फिरवणे हा मात्र जिवाशी खेळ आहे. त्याने स्टिअरिंग कुलूपबंद होऊ शकते आणि एअरबॅग व एबीएस निकामी होतात. इंजिन चालत्या गाडीत बंद ठेवायचे असेल तर इग्निशन चालूच ठेवून फक्त इंजेक्टरचा पुरवठा रिलेने तोडावा. तरीही दोन गोष्टी उरतात. ब्रेकच्या बूस्टरला (पेडलचा जोर वाढवणाऱ्या भागाला) इंजिनाची निर्वात (व्हॅक्यूम) लागते आणि साठलेली निर्वात दोन-तीन दाबांत संपते, त्यानंतर पेडल दगडासारखे होते. म्हणून विजेवर चालणारा निर्वात पंप आणि दाब कमी होताच इंजिन सुरू करणारा स्विच हवा. स्टिअरिंग हायड्रॉलिक असेल तर पंप इंजिनाबरोबर थांबतो आणि वळणावर चाक एकदम जड होते. विजेवरच्या स्टिअरिंगला हा प्रश्न येत नाही. पट्ट्यावरचा एसीही थांबतो, हे सहप्रवासी लगेच लक्षात आणून देतात.

आणखी एक बारकावा: उत्प्रेरक धुराडे (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) अडीचशे ते तीनशे अंशांवर काम करू लागते. ते लांब अंतर गार राहिले, तर पुन्हा सुरू होतानाचा धूर अधिक घाण असतो.

१२. माझी गाडी ऑटोमॅटिक आहे. इंजिन बंद ठेवून मागच्या मोटरवर चालवता येईल का?

बहुतेक ऑटोमॅटिक आणि सीव्हीटी गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनाकडून चालतो. इंजिन बंद असताना पुढची चाके फिरत राहिली, तर गिअरबॉक्सचे आतले भाग तेलाविना फिरतात. अशा गाड्या ओढून नेताना पुढची चाके उचलण्याची सूचना याच कारणाने दिलेली असते. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत चाके जमिनीवर ठेवून ओढण्याची परवानगी नसेल, तर या रीतीने ती चालवू नये. हाताच्या गिअरची गाडी न्यूट्रलमध्ये चालते.

१३. अल्टरनेटर काढूनच टाकला तर?

हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त आणि दुर्लक्षित प्रयोग आहे. दिवे, पंखा, पंप मिळून ४० अँपिअर घेत असतील, तर सुमारे ५६० वॉट वीज लागते; अल्टरनेटरची कार्यक्षमता ५५ टक्क्यांच्या आसपास धरली तर इंजिनावर एक किलोवॉटचा भार पडतो. त्याचा खर्च तासाला साधारण ०.३ लिटर पेट्रोल होतो. ४८ व्होल्टच्या बॅटरीवरून डीसी-डीसी कन्व्हर्टरने १४ व्होल्ट बनवून गाडीला दिले की हा भार जातो. तासाला अर्ध्या युनिटहून जास्त वीज मात्र बॅटरीतून जाते, म्हणून ती भिंतीवरून भरलेली असेल तरच यात अर्थ आहे.

अल्टरनेटर काढण्यापेक्षा त्याचे उत्तेजन (त्यातल्या विद्युतचुंबकाचा प्रवाह) तोडणारा स्विच ठेवावा, म्हणजे बॅटरी संपली तर तो परत कामाला लागतो. नव्या गाड्यांत ईसीयू (इंजिनाचा संगणक) अल्टरनेटरशी बोलत असतो आणि उत्तर आले नाही की दोषाचा दिवा लावतो. १२ व्होल्टची मूळ बॅटरी कधीही काढू नये.

१४. मोटरला जोर किती लावायचा हे कळण्यासाठी ॲक्सिलरेटरच्या तारेला जोडणी केली, तर इंजिन दुबळे झाले. असे का?

इलेक्ट्रॉनिक पेडलमध्ये दोन स्वतंत्र सेन्सर असतात आणि ईसीयू त्यांची सतत तुलना करतो. तुमच्या कंट्रोलरने एका सेन्सरच्या तारेतून किंचितही प्रवाह खेचला, तरी दोघांचे आकडे जुळत नाहीत आणि ईसीयू सुरक्षिततेसाठी इंजिनाची ताकद आवळतो. मध्ये उच्च अवरोधाचा बफर घालावा, किंवा त्याहून चांगले म्हणजे निदानाच्या सॉकेटमधून पेडलची स्थिती नुसती वाचावी. तिथून येणारी माहिती थोडी उशिरा येते. हातभार लावण्याला तेवढा उशीर चालतो, पण जोर तोडण्यासाठी तिच्यावर विसंबू नये. ब्रेक आणि क्लचच्या पेडलला स्वतंत्र स्विच लावून त्यांपैकी काहीही दाबले की मोटरचा जोर थेट तुटला पाहिजे.

१५. महामार्गावर मोटर वापरत नसतानाही कंट्रोलर जळाला. हे कसे शक्य आहे?

कायम चुंबकाची मोटर फिरत राहिली की वीज निर्माण करतच राहते, तुम्ही ती मागा अथवा मागू नका. समजा तुमची मोटर एका व्होल्टला मिनिटाला ६० फेरे फिरते आणि ताशी ५० किलोमीटरला ४८ व्होल्टची मर्यादा गाठते. ताशी ११० ला तीच मोटर सुमारे १०६ व्होल्ट तयार करते. बॅटरी जोडलेली असेल तर कंट्रोलरच्या आतल्या डायोडमधून अनियंत्रित प्रवाह बॅटरीत घुसतो आणि गाडीला न मागता ब्रेक लागतो. त्याच क्षणी बीएमएसने कॉन्टॅक्टर उघडला, तर ते सगळे व्होल्टेज कंट्रोलरवर कोसळते आणि ८० व्होल्टचे ट्रान्झिस्टर त्यात टिकत नाहीत.

यावर तीन मार्ग आहेत: गिअरचे प्रमाण असे ठेवणे की गाडीच्या सर्वोच्च वेगालाही मोटरचे व्होल्टेज बॅटरीच्या खाली राहील, मोटर वेगळी करणारा क्लच, किंवा चुंबक नसलेली इंडक्शन मोटर. तिसरा मार्ग जड आहे, पण झोप शांत लागते.

१६. फ्यूज आणि कॉन्टॅक्टर आहेतच, मग प्रीचार्ज कशाला?

कंट्रोलरच्या तोंडाशी मोठे कॅपॅसिटर असतात आणि रिकाम्या कॅपॅसिटरला बॅटरी थेट जोडणे म्हणजे क्षणभर शॉर्ट सर्किट. पहिल्यांदा मी हे टाळले. 'टक्' असा कोरडा आवाज आला, जळक्या धातूचा वास सुटला आणि कॉन्टॅक्टरचे संपर्क एकमेकांना वितळून चिकटले. चिकटलेला कॉन्टॅक्टर म्हणजे गरज पडेल तेव्हा न उघडणारा कॉन्टॅक्टर. एक-दोन सेकंद रोधातून कॅपॅसिटर भरून घ्यावेत आणि मगच मुख्य संपर्क जोडावा.

फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात असावा आणि डीसी तोडण्यासाठी प्रमाणित असावा. डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही. चालकाच्या हाताशी साधनांशिवाय ओढता येणारा तोडस्विचही ठेवावा.

१७. बॅटरी डिकीत ठेवली तर चालेल?

डिकीच्या मागच्या टोकाला नाही, कारण तो भाग धडकेत चुरगळण्यासाठीच असतो. मागच्या आसाच्या वर किंवा मागच्या बाकाच्या पाठीशी, धातूच्या पेटीत, मूळ सांगाड्याला बोल्ट करून ठेवावी. २५ किलोची पेटी जोरदार धडकेत २० पट भाराने, म्हणजे अर्ध्या टनाने पुढे झेपावते. पत्र्याला मारलेले स्क्रू आणि नायलॉनच्या पट्ट्या तिथे उपयोगाच्या नाहीत.

१८. बचत झाली की नाही हे मोजायचे कसे?

टाकी फुल करून ॲव्हरेज काढण्याच्या रीतीत नोझल कुठे थांबली यावर दीड लिटर इकडे-तिकडे होतो. ३० लिटरच्या भरण्यात ही ५ टक्क्यांची चूक झाली आणि तुमची अपेक्षित बचतच जेमतेम पाच-दहा टक्के आहे. त्यामुळे एका टाकीवरून काहीच ठरत नाही. चांगली रीत अशी: त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, काही दिवस प्रणाली चालू, काही दिवस बंद, मग परत चालू असे करावे, आणि भिंतीवरून घेतलेले युनिटही मीटर लावून लिहावेत. मोटर बसवण्याच्या आधीची नोंद नसेल तर सगळेच व्यर्थ आहे.

जोडणीने गाडी अडखळते का, हेही तपासावे. शांत हवेत, सपाट आणि रिकाम्या रस्त्यावर न्यूट्रलमध्ये गाडी ताशी ६० वरून ४० वर यायला किती सेकंद घेते ते दोन्ही दिशांना मोजावे. मोटर बसवल्यावर हा काळ स्पष्ट घटला, तर चुंबकाची ओढ किंवा घासणारा ब्रेक तुमचे पेट्रोल खात आहे. बचत न होण्याचे हेच सर्वांत नेहमीचे कारण मला आढळले आहे, आणि लोक मात्र कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये महिनोन्‌महिने घालवतात.

१९. हे कायदेशीर आहे का? विम्याचे काय?

देशागणिक नियम वेगळे आहेत, पण नोंदणीकृत गाडीच्या चालक यंत्रणेत बदल केला की तपासणी किंवा मंजुरी लागते, हे बहुतेक ठिकाणी खरे आहे. भाग आणण्यापूर्वी नोंदणी कार्यालयाला लेखी विचारावे आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवावा. न कळवलेला बदल हे दावा नाकारण्याचे आयते कारण ठरते. मंजुरी मिळत नसेल तर प्रयोग खासगी जागेत करावा.

२०. कोणत्या गाडीत हे करूच नये?

जिचे इंजिन, ब्रेक किंवा सस्पेन्शन आधीच थकलेले आहे तिच्यात. स्पार्क प्लग, टायरमधली हवा आणि चाकांची रेघ (अलाइनमेंट) यांकडे लक्ष देऊनच अशा गाडीत अधिक बचत होते. जी मुख्यतः महामार्गावर धावते तिच्यात, कारण तिथे मोटर, बॅटरी आणि पेटीचे साठ-सत्तर किलो फक्त ओझे होतात. जिची वॉरंटी शिल्लक आहे तिच्यात. आणि जी घरातली एकमेव गाडी आहे तिच्यात, कारण पहिले वर्षभर ती बराच काळ जॅकवर असते.